चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

कपिलतीर्थ मंडईत ओले काजू आले की माझा पाय घरात ठरत नाही. होळी उलटून ऊन तापायला लागलं की चंदगडकडच्या बायका पहिल्या एसटीनं येतात, भिजवलेलं पोतं अंथरतात आणि त्यावर ओल्या काजूगरांचे वाटे मांडून बसतात. काजूच्या टरफलातलं तेल भारी जहाल. त्यांच्या बोटांची सालं गेलेली असतात, नखं काळी पडलेली असतात, आणि त्या बोटांचा तिखट, चिकट वास नाकात शिरला की माझी पंचेचाळीस वर्षं एका दमात गळून पडतात. यंदा वाटा घेता घेता मी एकीला तिचं गाव विचारलं. तिनं सांगितलं आणि मी भर मंडईत ओरडलेच, “अगं, तिथं मी नर्स होते!”

“कवा?”

“तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नसेल तेव्हा.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग अजून बऱ्या टुणटुणीत हायसा की!” म्हणाली आणि वाट्यावर चार गर जास्तीचे टाकले. टुणटुणीत असल्याबद्दल काजू मिळाल्याची ही माझी पहिलीच वेळ.

टुणटुणीत मी आहेच. सदुसष्ट वर्षांची आहे. रोज सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारते, बीपीची गोळी घेते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा दिवाळीनंतर काढायचा आहे. माझी आई शेहेचाळिसाव्या वर्षी गेली. जयसिंगपूरच्या अलीकडे आमचं घर होतं. ती गेली तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, म्हातारी सुटली. शेहेचाळीस वर्षांची म्हातारी! आज मी माझ्या आईपेक्षा एकवीस वर्षांनी मोठी आहे. ती स्वप्नात आली की मला तिच्याशी थोरल्या बहिणीसारखं बोलावंसं वाटतं. गोळी घेतलीस का, पाय सुजलेत का, असं विचारावंसं वाटतं.

काजू आणले त्याच आठवड्यात मारुतीचा फोन आला. मारुती म्हणजे त्याच गावातल्या शेवंताआक्काचा मुलगा. आता सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, पण माझ्याशी बोलताना अजून दोन वर्षांचा असल्यासारखा लाडात येतो.

“बाई, मी आजा झालो न्हवं का! पोराची पोरगी आठ म्हैन्यांची झाल्या. आता आईवर सोन्याची फुलं उधळायची हायत. ऐतवारी. तुमी यायलाच पायजे.”

“अरे, पणतू झाला की उधळतात ना फुलं? ही तर पणती.”

“सगळी तेच म्हणत हुती. आई म्हणली, पणतीचं तोंड दिसतंय न्हवं मला? का त्याला येगळं डोळं लागत्यात? उधळा म्हणली. आणि फुलं बाईंनीच गुजरीतनं निवडून आणायची म्हणली. बाई आल्याबिगर म्या पाटावर बसत न्हाय म्हणली.”

मी हो म्हणाले. फोन ठेवला तेव्हा मला आनंदही झाला होता आणि धास्तीही वाटत होती. त्या धास्तीचं कारण सांगते, पण आधी फुलांचं सांगू दे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गुजरीत आमचे नेहमीचे सराफ आहेत. त्यांना म्हटलं, पणजीवर उधळायला दोन फुलं हवीत, किती दिवस लागतील? ते हसले आणि त्यांनी काउंटरखालचा खण ओढला. आत मखमलीवर ओळीनं फुलं! शेवंतीची, मोगऱ्याची, पाच पाकळ्यांची साधी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. “बाई, आता तयारच ठेवाय लागत्यात,” ते म्हणाले. “आमच्या आजोबांच्या वक्ताला असलं एखादं फूल घडवायचं म्हणजे पेठेत चर्चा व्हायची. कारागीर आंघोळ करून कामाला बसायचा. अन् आता? आज सकाळपास्नं तुमी तिसऱ्या.”

मी तिसरी! म्हणजे त्या एका सकाळी त्या एका दुकानातून तीन पणज्या-पणजोबांची फुलं गेली. मला त्या खणात हात घालून ती सगळी फुलं ओंजळीत घ्यावीशी वाटली. पणजी हा शब्द माझ्या लहानपणी नुसता ऐकायचा होता. प्रत्यक्षात कुणाकडे ती नसायची. आजी असली तरी पुष्कळ होतं. आता माझ्या नातवाच्या वर्गातली पोरं एकमेकांना विचारतात, तुझ्या किती पणज्या आहेत? दोन? माझ्या तीन!

दुसऱ्या दिवशी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मी हे सगळं फुगवून सांगितलं. आमच्या कट्ट्यावर मी सोडले तर सगळे सत्तरीपुढचे. एकाचे दोन्ही गुडघे नवे, एकाच्या काळजात स्प्रिंग घातलेली, एकाच्या कानात यंत्र. आयुष्य का वाढलं याची कारणं प्रत्येकाकडे तयार होती. कोल्हापूरचं पाणी, कोल्हापूरची हवा, पांढरा रस्सा, तालमीतली माती. कोल्हापूरच्या माणसाला कुठल्याही चांगल्या गोष्टीचं कारण कोल्हापूरच्या बाहेर सापडत नाही. त्यातले नव्या गुडघ्यांचे पाटील तर ऐकेनातच.

“उगंच काय सांगताय बाई? आयुष्य वाढलंय कुठलं? पूर्वीचीच माणसं खरी जगायची. आमचा आजा शंभरीला टेकला हुता. म्हशीचं धारोष्ण दूध! गोळी म्हणून बघिटली न्हाय त्यानं.”

“त्यांना भावंडं किती होती?” मी विचारलं.

“अकरा.”

“आणि मोठी झाली किती?”

पाटील बोटं मोजायला लागले. एक आजा, एक आत्या-आजी, एक कागलकडे दिलेली, एक मुंबईला गिरणीत गेलेला. चौथ्या बोटाला ते थांबले. पुढचं बोट उचलेना. “व्हय की,” ते म्हणाले. “बाकीची कुठं गेली?”

बाकीची गावाच्या कडेला, बांधालगत गेली. त्यांना नाव मिळायच्या आधी ती गेली, म्हणून ती कुणाच्या हिशेबात धरलेली नाहीत. शंभरी गाठलेला आजा सगळ्यांना आठवतो, कारण तो आठवायला उरला. मला हे सांगताना नेहमी चेव चढतो. माणसं म्हणतात, म्हातारपण लांबलं. अहो, म्हातारपण मागाहून लांबलं. आधी बाळपण पार पडायला लागलं! काळजातली स्प्रिंग आणि नवे गुडघे हे सगळं वरचं बांधकाम. पाया घातला गेला तो पाळण्यापाशी: उकळलेल्या ब्लेडनं कापलेल्या नाळेत, दंडावर उठलेल्या बीसीजीच्या फोडात, आडात टाकलेल्या पावडरीत. आणि तांब्याभर पाण्यात. तो पाया घालताना मी तिथं होते, माझ्या या दोन डोळ्यांनी मी तो पाहिलाय. म्हणून तर ओले काजू दिसले की मी अशी उधळते.

तो हंगाम काजूचाच होता. मी बावीस वर्षांची, नर्सिंग पास होऊन पहिल्या नेमणुकीवर चंदगड तालुक्यात गेलेली. जांभ्या दगडाची एक खोली, तेच उपकेंद्र, तेच माझं घर. वैशाखातले दिवस. डोंगरउतारावर लाल-पिवळी बोंडं लटकलेली, खाली पडून आंबलेली, सगळ्या रानाला आंबूस गोड वास. बोंड मीठ लावून खायचं आणि मग दिवसभर घसा खवखवत बसायचं. अंगणाअंगणात पत्र्यावर काजू भाजायचे, त्याचा काळा धूर डोळ्यांत जायचा, साड्यांना तेलाचे डाग पडायचे. एवढ्या पावसाचा तालुका, पण वैशाखात आड तळाला गेलेला. बायका वाटीनं पाणी भरायच्या. त्या गढूळ पाण्याबरोबर दरवर्षी हगवण यायची. जून उजाडेपर्यंत गावातली दोन-चार लेकरं जायची, आणि लोक म्हणायचे, काजूच्या दिसात असं व्हतंयच.

मी आडात टाकायला ब्लीचिंगची पांढरी पावडर घेऊन गेले की पंचमंडळी नाकाला धोतर लावायची. पाण्याला दवाखान्याचा वास येतोय, डाळ शिजत नाही, चहा नासतोय. आणि आणखी एक कारण होतं, ते कुणी तोंडावर बोलत नव्हतं. आमचं घर बौद्ध. माझ्या जन्माआधीच वडिलांनी धर्म स्वीकारलेला. गावाला हे पहिल्या आठवड्यातच कळलेलं. माझ्या हातची सुई चालायची, कारण ती अंगाला टोचायची. माझ्या हातचं पाणी चालायचं नाही. पावडर मी द्यायची, आडात दुसऱ्यानं ओतायची, असा मार्ग निघाला. मला राग यायचा. फार राग यायचा. खोलीचं दार लावून मी उशीत तोंड खुपसून शिव्या द्यायचे, मग तोंड धुऊन पुन्हा घरभेटींना निघायचे.

अशाच एका घरभेटीला शेवंताआक्काच्या अंगणात गेले. सकाळचे दहा वाजले असतील. आक्का तेव्हा अडतीसेक वर्षांची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. मारुती तिच्या मांडीवर होता, दोन वर्षांचा. डोळे आत गेलेले, ओठांना पापुद्रे, रडत होता पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

“कधीपासून?”

“काल सकाळपास्नं. धा-बारा बाऱ्या झाल्या.”

“पाणी किती पाजलं?”

आक्कानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. “पाणी? कालपास्नं तोडलंय की.”

पाणी तोडायचं! गावात सगळे हेच करायचे, त्यांच्या आयांनी हेच केलेलं. पाणी पाजलं की ते खालून वाहून जातं, तेव्हा पाणी बंद केलं की पोट आपोआप आटतं, असा सगळा सरळ विचार. निष्काळजी बायकांना हे जमायचं नाही. लेकरू रडायला लागलं की त्या पाजून मोकळ्या व्हायच्या. आक्का मात्र जिवापाड जपणारी. तिनं पाण्याची घागर मारुतीच्या नजरेला पडू नये म्हणून पोत्याखाली झाकून ठेवली होती. आणि तिचे स्वतःचेही ओठ फुटलेले होते. लेकरू तहानलेलं असताना आपण कसं प्यायचं, म्हणून कालपासून तीही प्यायली नव्हती. याच्या आधीची तिची तीन लेकरं अशीच वैशाखात गेली होती. तिघांनाही तिनं असंच जपलं होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, एसटी दुपारनंतर, आणि पोराकडे दुपारपर्यंतचाही वेळ दिसत नव्हता. मी पिशवीतलं माझं भांडं काढलं, पाण्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात आतून आक्काची सासू आली आणि दारातच आडवी उभी राहिली.

“तिच्या हातचं पाणी नगं माझ्या नातवाला. आणि पाणीच नगं. जित्तं हाय त्येबी मारशीला.”

तेव्हा मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. मी पिशवी उचलली होती. दोन पावलं मागेही सरकले होते. मग मारुतीची मान आक्काच्या हातावर कलली, आणि मी पिशवी खाली टाकून अंगणातच बसकण मारली.

“ठीक आहे. मी हात लावत नाही. आक्का, तुम्ही करा. तुमचं पाणी, तुमचं भांडं, तुमचा हात. मी नुसती सांगते.”

आक्कानं सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पोराला सासूच्या मांडीवर टाकून ती सरळ चुलीपाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूला न विचारता उठली, असं पुढे तीच सांगायची.

पाणी उकळलं. या भांड्यातून त्या भांड्यात ओतून निववलं. तांब्याभर पाण्याला तीन बोटांची एक चिमूट मीठ. साखर घरात नव्हती, मग मूठभर गूळ फोडून विरघळवला, लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यातून गाळला. “आता चाखून बघा,” मी अंगणातून ओरडले. “डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.” तिनं चाखलं आणि मान हलवली. ती चव तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग चमचा चमचा. दोन चमचे गेले, मारुतीनं ओकून टाकले. सासूनं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, थांबा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा द्या. पुन्हा दिले. राहिले. पुन्हा. असे दहा-बारा चमचे झाले असतील, मारुतीनं डोळे उघडले आणि चमच्याकडे बघून तोंड पुढे केलं. पाणी मागत होतं ते पोर! मी टाळी वाजवली. आणि तेवढ्यात आक्काचा हात थांबला. भरलेला चमचा मधेच थांबला. ती माझ्याकडे बघत होती.

“बाई,” ती म्हणाली, “मग माझी आधीची तीन?”

बावीस वर्षांच्या पोरीला याचं उत्तर येतं होय? मला ते येत होतं. शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पोरगं तोंड उघडून वाट बघत होतं, चमच्यातलं पाणी थेंबथेंब तिच्या लुगड्यावर गळत होतं.

“त्यांचं दुखणं निराळं होतं, आक्का,” मी म्हणाले. “ते पाण्यानं वाचण्यातलं नव्हतं.”

मी खोटं बोलले. तिचा हात पुन्हा चालायला लागला.

दुपार झाली, ऊन कलंडलं, तीन तांबे संपले. आणि दिवस मावळायला आला तेव्हा मारुतीनं आजीच्या मांडीवर सणसणीत धार सोडली! लघवी होणं म्हणजे पोर परतलं. मी उठून नाचले. खरंच नाचले, अंगणात, काजूच्या टरफलांवर. सासूबाईंचं लुगडं भिजलं होतं आणि त्या रडत, हसत, ओरडत होत्या, “मुतला! माझा राजा मुतला!” शेजारपाजारचे धावत आले. एवढ्या थाटानं साजरी झालेली लघवी मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही.

पुढं जे घडलं ते तर त्याहून भारी. आक्का सुटली! कमी बोलणारी ती बाई तांब्या घेऊन घराघरांत शिरायला लागली. कुणाच्या पोराला जुलाब लागल्याचं कळायचा अवकाश, आक्का दारात हजर. “अगं ए, पाणी तोडतीस व्हय? तुजं तोड की दोन दिस, बघू जगतीस का!” सासवांना दम, नवऱ्यांना दम. अक्षर न येणारी बाई, पण तिच्या चिमटीचं माप कधी चुकलं नाही. माझ्या हातचं पाणी चाललं असतं तर मी दहा घरी पाजून आले असते आणि बदली झाल्यावर ती विद्या माझ्याबरोबर एसटीत बसून निघून गेली असती. माझ्या हातचं चाललं नाही, म्हणून प्रत्येक घरी त्यांच्याच हातानं करवून घ्यावं लागलं, आणि ते त्यांच्याच हातात राहिलं. याचा राग धरायचा की आनंद मानायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही करते. पुढच्या वैशाखात त्या गावात हगवणीनं एकही पोर गेलं नाही. एकही नाही! मी रोज सकाळी उठून धसकत होते आणि रोज संध्याकाळी पोरं अंगणात धुडगूस घालत होती.

मी समजत होते, मारुती वाचल्याच्या आनंदानं आक्का अशी फिरते आहे.

तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली. मग कागल, मग शहर, मग निवृत्ती. आक्का दरवर्षी कुणाच्या तरी हाती काजूची पिशवी पाठवायची आणि निरोप द्यायची, एकदा येऊन जा. मी गेले नाही. मुलांच्या परीक्षा, घरचं आजारपण, गुडघे, काय काय कारणं सांगितली. खरं कारण एकच. ती मला पुन्हा विचारेल, आणि आता मी बावीस वर्षांची नाही, आता मला तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलता येणार नाही. आणि खरं सांगितलं तर त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला आयुष्याच्या शेवटाला मी काय देऊन येणार होते? तीन लेकरं आपल्याच जपण्यानं गेली, हे?

तरी गेले. रविवारी सकाळच्या एसटीत बसले, पर्समध्ये डबी, डबीत दोन फुलं. रस्ताभर काजूची झाडं, बोंडांचा तो वास, आणि दर थांब्याला डबी चाचपून बघणारी मी.

मांडव घातला होता. आक्का पाटावर बसलेली, नवी इरकल, कणा अजून ताठ, दात मात्र एकही नाही. मला पाहिल्यावर तिनं दोन्ही हात वर केले. “आली की गं माझी बाई!” मारुतीनं मला तिच्या शेजारी खुर्ची मांडली. साठ-सत्तर माणसं असतील. मी सहज बघत गेले, पन्नाशीच्या आतले सगळे मला अंदाजानं ओळखता येत होते. ही अमकीची, हा तमक्याचा. प्रत्येकाच्या तोंडाला कधीतरी चमचा लागलेला होता. सगळे हसत-खिदळत होते, मोबाइल उंच धरून उभे होते, आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना.

आठ महिन्यांच्या पणतीला तिच्या बापानं पणजीच्या डोक्यावर धरलं. मोगऱ्याच्या फुलांत सोन्याची दोन फुलं मिसळून तिच्या मुठीत दिली. आता मूठ उघडेल ती पणती कसली! सगळ्यांनी गोंजारलं, गुदगुल्या केल्या, आणि एकदम तिनं हात असा झटकला की फुलं आक्काच्या डोक्यावरून उडून मांडवभर गेली. मोगरा सापडला. सोन्याचं एक फूल आक्काच्या अंबाड्यात अडकलं. दुसरं गायब! “हालू नगा! कुणी पाय उचलू नगा!” मारुती ओरडला आणि पुढच्या क्षणी सगळं घर गुडघ्यांवर. सुना, जावई, नातवंडं, पाहुणे, सगळे सतरंजीवर रांगायला लागले. आम्ही दोघीच काय त्या बसलेल्या.

आक्का माझ्याकडे झुकली.

“बाई, त्या दिशी तू माझ्यासंगट खोटं बोललीस.”

मी खुर्चीतच तिच्याकडे वळले.

“मला तवाच कळलं हुतं. मारुतीनं चमच्याला त्वांड पुढं केलं तवाच. पर हात थांबला हुता गं माझा. तू खरं बोलली असतीस तर त्यो पुन्ना उचललाच नसता. मलाबी त्या वक्ताला खोटंच पायजे हुतं. मारुतीपुरतं.”

“आक्का, तुमची काय चूक? तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

“व्हय की. मला कुणी सांगिटलं न्हवतं. पर दुसरीला सांगाय मी हुते न्हवं?” खाली रांगणाऱ्या त्या सगळ्या गर्दीवरून तिनं सावकाश नजर फिरवली. “त्या तिघांच्या वाटणीचं पाणी म्या गावाला पाजलं, बाई.”